दोन बोटं पाणी

साल १९७६. मी छप्पन्न वर्षांचा. आमचा हसन तेव्हा कलिंगडाला डिसमिस लावून ऐकायचा.

चेष्टा नाही. हसन भिवंडीत यंत्रमागांचा, लूमचा फिटर. चालत्या लूमला स्क्रू फिरवायच्या लांब डिसमिसचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं, हा त्याचा धंदा. पण त्याची बायको जुबेदा वारल्यापासून तो कशालाही डिसमिस लावू लागला. कलिंगड, गाभण म्हैस, तहसिलीतलं घड्याळ. एकदा पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या छातीलाही लावला. म्हणाला, "बोलतंय, पण खरं न्हाय बोलत." पाहुणे चहा न पिता गेले.

आम्ही दोघं खाडीकाठच्या अंजूरचे. शुक्रवारी लूम बंद, की त्याच्या होडीतून खाडीत. होडी बुडातून पाणी घ्यायची. तो गळ टाकणार, मी तुपाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसणार. वीस वर्षं. शाळा मी दुसरीतच सोडली, पण उपसण्यात माझा हात धरणारा अख्ख्या खाडीवर नव्हता.

आणि एका गुरुवारी संध्याकाळी हा मुंबईच्या भंगारबाजारातून होडीसाठी विजेचे दोन पंप घेऊन आला. एक ठेवणार, एक परत. अंगणात पाण्याने भरलेलं पिंप, शेजारी ट्रकची बॅटरी. मोठा पितळी पंप सुरू झाला. हसनने डिसमिस लावला, डोळे मिटले.

"वा! क्या गाता हाय!"

माझ्या डब्याला वीस वर्षांत एकदा वा म्हटलं नव्हतं. मी डबा उचलला.

"दुसरं पिंप भर," मी म्हणालो. "तो आणि मी. होऊन जाऊ दे."

"गणपत, येडा झालास? मशिन हाय ती."

"भर म्हणतो ना!"

माझं पिंप अर्ध्यावर आलं तोवर पितळ्याचं कोरडं. मग दोन्ही पिंपं पुन्हा भरून धाकटा लावला, मुठीएवढा. तोही पुढेच होता, पण तळाला दोन बोटं पाणी राहिलं आणि तो नुसता वारा ओढत खरखरला. मी माझं पिंप आडवं करून शेवटचा थेंब काढला. कंबर गेली, पण जिंकलो.

हसनने डिसमिस माझ्या कंबरेला लावला. "बेरिंग गेलंय तुझं." मग धाकट्याची वायर गुंडाळत म्हणाला, "हाच ठेवतो."

"हरलेला? माझ्यावर दया करतोस? पितळी घे, आणि त्यालाच बसव होडीत. मी न्हाय येत!"

"मोठा बॅटरी लय खातो रे."

"खोटं बोलतोस."

त्याने वायरची गाठ मारली.

"पितळी समदं पाणी काढल. मंग तू कशाला येशील? ह्यो दोन बोटं ठेवतो, तुझ्यासाठी." डिसमिस खिशात घालत तो घराकडे बघू लागला. "जुबेदा गेल्यापासनं घर बोलत न्हाय, गणपत. रोज भिंतीला लावून बघतो."

मी डबा काखेत मारून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, हसनच्या आधी, मी खाडीवर गेलो. होडीत पाणी मला कमीच वाटलं. इकडेतिकडे बघितलं, खाडीचे चार डबे आत ओतले आणि त्याची वाट बघत बसलो.