जोड्यांच्या कपाटातला सर्व्हर

कारकुनाने जुना संगणक जोड्यांच्या कपाटात ठेवला, वायरी जोडल्या आणि घरादाराला बोलावून जाहीर केलं, "आजपासून हा आपला होम सर्व्हर! फोटो, गाणी, सिनेमे, सगळं यात. फोन हरवला तरी काळजी नाही."

"आणि आप्पांचा आवाज?" बायकोने विचारलं.

त्यासाठीच तर सारा खटाटोप होता. वडिलांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, बायकोच्या फोनमध्ये. आप्पा गेल्यापासून ते ऐकायचा धीर कारकुनाला झाला नव्हता. पण ते आहे, एवढ्यावर त्याला झोप लागायची.

"तो सगळ्यात आधी आत गेला. आता तुझा फोन खुशाल रिकामा कर."

एरवी बायको त्याचं काही ऐकत नसे. नेमकं त्या दिवशी ऐकलं.

संध्याकाळी मुलीने सर्व्हर उघडून पाहिला. कपाटात दिवे लुकलुकत होते, पंखा घरघरत होता.

"बाबा, यात काहीच नाही."

"नीट बघ."

"नीट बघितलं. नीट काहीच नाही." मग ती सेटिंग वाचू लागली. "फोनमधून जे पुसाल ते इथूनही पुसायचं, असं तुम्हीच ठरवलंय!"

"मला वाटलं, दोन्हीकडे सारखं असलेलं बरं…"

आता फोटो आणि आरसा यांत फरक असतो. माणूस उठून गेला तरी फोटोत राहतो. आरसा मात्र त्याच क्षणी रिकामा होतो. कारकुनाने मेहनत करकरून आरसा बसवला होता.

"फोनमधली कचरापेटी?" त्याने हताश होऊन विचारलं.

"तीही रिकामी केली," बायको म्हणाली. "अर्धवट काम मला जमत नाही, अहो."

कारकून मटकन जोड्यांतच बसला. आप्पा एकदा गेले ते आजाराने. दुसऱ्यांदा त्यांना त्याने स्वतःच्या हातांनी घालवलं होतं.

मग बायको म्हणाली, "रेकॉर्ड केलं तेव्हाच मी आत्यांनाही पाठवलं होतं ते."

कारकुनाचा चेहरा आणखीच उतरला. आत्याचा फोन सदा तुडुंब भरलेला, म्हणून गेल्याच महिन्यात तिला स्वच्छतेचं व्याख्यान देऊन तो स्वतः साफ करायला बसला होता.

तरी तिघं आत्याकडे गेली. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"साफ करायला बसलास खरा, पण मी चहा देऊन फोन उचलून नेला ना! तुला कळलंही नाही. माझ्या दादाचा आवाज काय कचरा आहे?"

तिने चष्मा लावला, बोट फिरवत राहिली आणि एकदाचं दाबलं. आधी कुठेतरी स्क्रू पडल्याचा आवाज आला. मग आप्पा ओरडले, अगदी जसेच्या तसे:

"अरे, चालू आहे ना पंखा? मग हात कशाला लावतोस? सूनबाई, याच्या हातातला पाना काढून घ्या आधी!"

मुलगी खुदकन हसली. बायकोने पदर तोंडाला लावला. कारकुनाचे डोळे मात्र भरून आले. "पुन्हा लाव, आत्या," तो म्हणाला.

आत्याने पुन्हा लावलं. मग फोन त्याच्यापुढे धरत म्हणाली, "हल्ली जरा अडकत अडकत चालतो रे. बघतोस का काय झालंय?"

कारकुनाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"चालू आहे ना?" तो म्हणाला. "मग राहू दे."