जपानच्या डोंगरासाठी जामचे गोटे

"तांदूळ काढा त्यातले," वत्सलानं नवऱ्याला दरडावलं. "घामाचा वास येऊन राहिला त्याले. काल भातालेबी आला!"

हिरामण सोमकुवरानं पाठीवरचा पिट्टू मुकाट्यानं उतरवला. पांढुर्णा नगरपालिकेतल्या या कारकुनाला चाळिशीनंतर, चांगलं पोट सुटल्यावर, डोंगर चढायचं वेड लागलं होतं. आणि डोंगरही साधासुधा नव्हे, जपानचा! नागपूरच्या बौद्ध मंडळींचा एक जथा दिवाळीच्या सुमारास तिकडे निघणार होता. तिथल्या एका डोंगराच्या माथ्यावर विहार आहे, तिथे पायी जायचं, वाटेत डोंगरावरच मुक्काम, आणि आपलं ओझं आपल्याच पाठीवर. वजन घेऊन चढायचा सराव ठेवा, असा नागपूरहून निरोप होता. म्हणून तांदूळ.

"मंग वजन कायचं घेऊ?"

"गोटे घ्या! नदी भरली हाये गोट्यायनं."

ती बोलली रागाच्या भरात, यानं घेतलं मनावर. रोज सकाळी तो जाम नदीच्या काठी पिट्टू भरायला लागला. पाठीला टोचू नयेत म्हणून गोल, गुळगुळीत, मुठीत मावतील असे गोटे निवडायचा. नदी ओलांडली की सावरगाव, म्हणजे त्याची सासरवाडी. गावामागची टेकडी चढायची. उतरताना ओझ्यानं गुडघे बोलायचे, म्हणून पिट्टू माथ्यावरच रिकामा करायचा. जपानी डोंगरांच्या फोटोंत वाटसरूंनी माथ्यावर रचलेल्या दगडांच्या राशी त्यानं पाहिल्या होत्या. त्यानंही तशीच एक रचली. रास छातीला लागली तेव्हा तर त्याला आपण जपानात पोचलोच असं वाटलं.

आता पांढुर्ण्याच्या माणसाला ही अक्कल सुचावी कधी? ऐन श्रावणात! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. हीच ती गोटमार. या दिवसांत इथलं शेंबडं पोरही गोटा उचलताना आजूबाजूला बघून घेतं. पण आमचा गडी मनानं केव्हाच देश सोडून गेलेला.

पहिल्यांदा पेटले ते शेजारचे पुंडलिकराव. संत्र्याचे बागायतदार, आवाज मोठा.

"काहून बे हिरामण, रोज गोटे कुठं नेऊन राहिला?"

"टेकडीवर."

"सावरगावच्या?"

"हो ना जी. जपानसाठी."

"जपानसाठी!" पुंडलिकरावांचा पारा चढला. "आमाले येडं समजतं काय? सासऱ्याच्या गावाले गोटे पुरवतं, अन् नाव जपानचं सांगतं!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या पांढुर्ण्यात झाली. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याच्या टेबलावर चहाच आला नाही. हेही त्यानं सोसलं असतं. पण रात्री जेवायच्या वेळेला मेहुणा गुणवंता धापा टाकत आला.

"भाऊजी, आमच्या गावात बोंब हाये. पांढुर्णेवाल्यायनं आमच्या डोक्यावर गोटे फेकाले टेकडीवर मोर्चा बांधला म्हणते. अन् उद्या बापूजी हवालदार त्या राशीची तपासणी कराले येऊन राहिले."

हिरामणच्या पासपोर्टच्या चौकशीचा कागद याच बापूजींकडे पडला होता. माणसाचं चालचलन कसं आहे, ते त्यांनीच लिहायचं. गोटे जमवणारा इसम असं एकदा लिहिलं गेलं, की संपलं जपान.

तांबडं फुटायच्या आत तो टेकडीवर. हवालदार यायच्या आधी होईल तेवढी रास हलवू म्हणून त्यानं पिट्टू गच्च भरला आणि धडपडत उतरू लागला. पायथ्याशी सावरगावची माणसं उभीच होती. पुढे भिवाजी, गावातले जाणते.

"वा रे जवाई! आमच्या टेकडीवरचे गोटे आता चोरूनबी नेऊन राहिले काय?"

तेवढ्यात पुलाकडून पुंडलिकराव आपली माणसं घेऊन आले. "पाहा! रंगेहाथ सापडले. गोट्यायची वाटणी चालू हाये!"

दोन्ही बाजू सरकत सरकत जवळ आल्या. सगळ्यांचे हात रिकामे, गोटे फक्त हिरामणच्या पाठीवर. आणि सगळ्यांची नजर त्या पिट्टूवर. गुणवंता मधे पडायला गेला, त्याला दोन्हीकडून शिव्या बसल्या. एकानं पिट्टूचा पट्टा धरला, दुसऱ्यानं दुसरा. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली.

"पासपोर्टवाले सोमकुवर तुमीच काय जी?" बापूजी हवालदार सायकलवरून उतरले. "पाठीवर काय हाये?"

"वजन."

"उघडा."

बापूजींनी एक गोटा हातात घेऊन तोलला. "निवडून घेतले वाट्टे."

"साहेब, माझं जपान नका बुडवू!" हिरामणला रडूच फुटलं. "जिंदगीभर फाइलीच केल्या जी मी. भुसावळच्या पुढं कधी गेलो नाही. त्या विहारापर्यंत एकदा आपल्या पायानं जाचं हाये, बस! मले कोनाले गोटा माराचा नाही."

बापूजी जरा विरघळले. पण कायदा तो कायदा. "इज्जतदार माणसायच्या सह्या लागतेत. चालचलन चांगलं हाये म्हणून. देते काय कोनी?"

पुंडलिकराव नदीकडे बघायला लागले, भिवाजी टेकडीकडे. हिरामणनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग भिवाजींनी विचारलं, "अन् हा जपानले नाही गेला, त इथंच राहीन काय?"

"मंग कुठं जाईन?" बापूजी म्हणाले.

"पुढच्या पोळ्यालेबी?"

"अन् सराव चालूच राहीन," गुणवंता मदत म्हणून बोलला. "पुढच्या जथ्यासाठी."

पुंडलिकरावांचा चेहरा पडला. हा माणूस वर्षभर गोटे वाहणार, आणि उद्या कुणाच्या बाजूला ओतेल याचा नेम नाही! "द्या जी तो कागद इकडं," ते झपाट्यानं पुढे आले.

"पयले मी!" भिवाजी आडवे झाले.

सायकलच्या सीटवर कागद ठेवून दोघांनी ओढाताण करत सह्या ठोकल्या. चालचलन उत्तम, ताबडतोब जाऊ द्यावे, असंही पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. बापूजींनी हिरामणला सगळी रास परत नदीत टाकायला लावली. हिरामण खेपा घालत होता, हसत होता आणि मधूनच डोळे पुसत होता.

संध्याकाळी पुंडलिकरावांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "काहून बे, जपानच्या डोंगरावरचे गोटे कसे असतेत?"

"काळे म्हणते जी. जड."

"येताना दोन आनजो. गोल पाहून. सावरगाववाल्यायले नको सांगू."

हिरामणनं मान हलवली. दुपारी नदीवर भिवाजी असेच चार गोटे आणायला सांगून गेले होते, ते काही तो बोलला नाही.