काकूंचा परदेश

आमच्या काकू कादंबरीतल्या नायिकांशी भांडतात. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने. "बर्फ पडतोय म्हणून रडतेस? ठाकुर्लीला येऊन दाखव!"

वाचतात त्या एकाच प्रकारच्या कादंबऱ्या: घर सोडून दूर गेलेल्या बायकांच्या, आणि बायकांनीच लिहिलेल्या. मग नायिका ढाक्याहून लंडनला गेलेली असो की कोलंबोहून कॅनडाला. काकू स्वतः लग्न होऊन इंदूरहून ठाकुर्लीला आल्या, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तरी अजून "आमच्याकडे" म्हणजे इंदूर. "तुमच्याकडे काय, पोह्यांवर शेव मागितली तर माणसं अशी बघतात, जसं काही सोनंच मागितलं!"

नायिका दहाव्या पानावर नव्या गावी रुळली, की काकू समासात पेन्सिलीने लिहितात, "खोटं." पुस्तक लायब्ररीचं आहे, असं मी म्हटलं तर म्हणतात, "अरे भैया, पुढच्या बाईला कळायला नको?"

कॉलेजची चार वर्षं मी काका-काकूंकडे राहिलो. रोज सकाळी त्यांच्या हातून डबा घेतला. तुम्हाला इथे करमतं का, हे एकदाही विचारलं नाही. ते मनाला लागून राहिलेलं. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या वर्तकनगरच्या वाचनकट्ट्यावर या कादंबऱ्यांवर त्यांचं भाषण ठरवलं.

फलक लिहायला बसलो आणि फोन केला. "काकू, नुसतं सुनंदा लिहू की सुनंदाताई?"

"ते तुझ्या काकांनी लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं. मी कुमुद. कुमुद वैद्य." मग म्हणाल्या, "एकदा चार लोकांत त्या नावाने बोलावशील?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. काकूंचं माहेरचं नाव मला त्या दिवशी कळलं. खाली मान घालून मोठ्या अक्षरांत लिहिलं.

कार्यक्रमात माईकवर म्हणालो, "आता आपल्याशी बोलतील कुमुद वैद्य."

कोणीच उठेना. बायका माना वळवून इकडेतिकडे बघू लागल्या. पहिल्या रांगेतल्या काकूही मागे वळून बघत होत्या, कोण उठतंय म्हणून.

मी खाली वाकून हळूच म्हटलं, "काकू."

त्या दचकल्या. पदर सावरत आल्या, माईक हातात घेतला.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "यायला जरा उशीर झाला. फार लांबून यायचं होतं."