ज्याने टॅग लावला त्याने

आमच्या वॉशिंग मशीनचा पाईप तुंबला तेव्हा खालच्या मजल्यावरचे खैरनारकाका मदतीला आले, आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या हातात लग्नाची पत्रिका ठेवली.

"अरे वा, कोणाचं लग्न?" मी विचारलं.

"उलटी करा."

पाठीमागे लाल स्केचपेनने लिहिलं होतं, 'धोका. काम चालू आहे. बटण दाबू नये.' खाली 'नाव' आणि पुढे रिकामी जागा. कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवली होती.

"नाव लिहा आणि बटणाला अडकवा."

"पण काम तुम्ही करणार ना?"

"माझा टॅग वेगळा आहे." त्यांनी पिशवीतून दुसरी पत्रिका काढली. तिच्यावर 'खैरनार' असं आधीच लिहिलेलं होतं. दोन्ही पत्रिका बटणाला लटकल्या, गणपती भिंतीकडे आणि धोका आमच्याकडे, तेव्हाच त्यांनी पाईपला हात लावला.

काकांची सगळी नोकरी वीज केंद्रात गेली. तिथे म्हणे पंप उघडायचा असला की काम करणारा प्रत्येक माणूस बटणावर स्वतःच्या नावाचा टॅग लावतो. सगळे टॅग निघाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. निवृत्तीनंतर काका जेल रोडला आमच्या सोसायटीत राहायला आले, आणि येताना हा नियम सोबत घेऊन आले. वीज केंद्र नव्हतं म्हणून तो आमच्या मशीनना, गिझरना आणि पाण्याच्या मोटारीला लागू झाला.

प्लंबर बोलावला तर त्यांना राग येई. "सोसायटीत माणूस असताना बाहेरचा कशाला?" त्यांची अवजारं म्हणजे एक पक्कड, एक टब आणि जुन्या पडद्याची लांब स्प्रिंग. ती स्प्रिंग ते पाईपमध्ये गोल गोल फिरवत आत घालायचे, डोळे मिटून. बोटांना अडथळा लागला की भुवई उडायची. मग हळूच ओढायचे आणि काळा, बुळबुळीत गोळा बाहेर यायचा. आपण नाक दाबून मागे सरायचो. काका मात्र वर्तमानपत्र पसरून त्यावर तो गोळा काडीने उलगडायचे.

आमच्या पाईपातून निघाली पेनाची टोपी, दोन बटणं आणि पार्किंगची लगदा झालेली पावती. सगळ्या वस्तू माझ्या नवऱ्याच्या. काकांनी त्या धुऊन, पुसून बशीत ठेवल्या आणि त्याच्या पुढ्यात नेऊन म्हणाले, "खिसे तपासत चला." मी एवढी वर्षं जे ओरडून सांगत होते, ते त्याने काकांकडून मुकाट्याने ऐकून घेतलं. मला काका तिथेच आवडले.

उठताना त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं. सोसायटीत ते सगळ्यांना पाठ आहे. "पाईप एकदम तुंबत नाही, ताई. आधी पाणी हळू जातं, मग गुरगुरतो, मग वास मारतो. तो सांगत असतो. आपण ऐकत नाही."

घोळ पुढेच झाला. माझी शाळेची वेळ झाली होती, मी तशीच स्कूटर काढून पळाले. नवरा मशीन लावायला गेला तर काकांनी त्याचा हात धरला. त्यांचा टॅग त्यांनी काढला होता, माझा बटणावर होता.

"अहो काका, ती शाळेत शिकवतेय. पाईपात अडकलेली नाही."

"दिसतंय मला. तरी नाही."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा कपडे तसेच भिजलेले, नवरा तसाच तापलेला, आणि काका आमच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेले. मी टॅग काढल्यावरच ते उठले. "चेष्टा वाटते तुम्हाला," ते म्हणाले. "आमच्याकडे एकजण टॅग काढायचा विसरून इगतपुरीला मेव्हण्याच्या लग्नाला गेला. साहेबांनी जीप पाठवली. ऐन जेवणाच्या पंगतीतून उठवून आणला. त्याने टॅग काढला, परत जीपने जाऊन जिलबी खाल्ली, आणि मगच इकडे पंप चालू झाला."

निर्मलाकाकू होत्या तोवर या नियमाची चेष्टा करायचा हक्क फक्त त्यांचा होता. दोघंही सटाण्याकडचे, घरात अहिराणी बोलायचे. बाहेर काका एकदम पुस्तकी मराठीवर यायचे, काकूंना त्याचंही हसू यायचं. काकांची एक खोड होती. वीज केंद्रात हात पुसायला पांढऱ्या सुताचा गुंता मिळायचा, त्याला ते 'वेस्ट' म्हणत. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात वेस्टचा बोळा असायचाच. सकाळी मशीन लावण्याआधी काकू तो काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवायच्या. काका चहा पिऊन गॅलरीत यायचे आणि तो उचलून धुतलेल्या शर्टाच्या खिशात घालायचे. दोघंही एकमेकांना काही बोलायचे नाहीत. आमच्या गॅलरीतून मी हे रोज बघायचे.

मागच्या दिवाळीनंतर काकू गेल्या. सकाळी घरात वावरत होत्या, दुपारी दवाखान्यात नेलं, आणि परत आल्याच नाहीत.

त्यानंतर काका आणखीच लोकांच्या पाईपांच्या मागे लागले. पण स्वतःचे कपडे ते गॅलरीत बादली घेऊन हाताने धुवायचे. चादर त्यांना नीट पिळता यायची नाही. सोसायटीत लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मलाही तो विक्षिप्तपणाच वाटायचा.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी बेल वाजवली. हातात स्प्रिंग होती, पण चेहरा मदतीला आलेल्या माणसाचा नव्हता.

"जरा खाली येता का? मुलीने नवीन मशीन पाठवलंय. आज दुपारी येईल. जुनं घेऊन जाणार."

"मग चांगलंच झालं की."

"तुंबलेलं आहे. तुंबलेलं यंत्र दुसऱ्याच्या दारात पाठवायचं नसतं. साफ करून, चालवून बघून द्यावं लागेल." त्यांनी स्प्रिंग या हातातून त्या हातात घेतली. "चालवून बघायचं म्हणजे पंचाईत आहे."

पंचाईत काय ते मला त्यांच्या बाथरूमच्या दाराशी कळलं. मशीनच्या बटणाला पत्रिका लटकत होती. काकांचा टॅग. पण नावाच्या जागी त्यांचं नाव नव्हतं. वळणदार अक्षरात 'निर्मला' लिहिलं होतं.

काका सावकाश सांगायला लागले. काकू गेल्या त्या सकाळी ते पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. मशीन मध्येच अडकलं, पाणी जाईना. काकूंनी शिकवल्याप्रमाणे बटण बंद केलं, स्वतःच्या नावाचा टॅग लावला आणि काकांना फोन करून हसत सांगितलं, "तुमचा पंप बंद पडलाय, या लवकर." काका आले तोवर त्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. नंतर काकांनी मगाने पाणी उपसलं, कपडे काढून घेतले. पाईपला हात लावला नाही. पाईप मोकळा झाला की मशीन चालू करावं लागतं, आणि चालू करायचं तर टॅग काढावा लागतो.

मी कोपऱ्यातला टब उचलून त्यांच्याजवळ ठेवला.

काका खाली बसले. आधी स्वतःच्या नावाचा टॅग काकूंच्या टॅगशेजारी अडकवला. पाईप सोडवला, टब सरकवला, डोळे मिटून स्प्रिंग आत घातली. भुवई उडाली. बाहेर आला तो गोळा काळा झाला होता, तरी ओळखू येत होता. सुताचा गुंता. वेस्ट.

काकांनी वर्तमानपत्र पसरलं, पण उलगडायला काडी घेतली नाही.

"खिसा राहिला तिच्याकडून," ते म्हणाले. "कधी राहिला नव्हता, ताई. तापात असायची तरी बोळा कठड्यावर असायचा. त्या सकाळी खिसाच बघितला नाही तिने. म्हणजे सकाळीच बरं नव्हतं तिला. मी चहा पिऊन गॅलरीत गेलो, कठड्यावर बोळा नव्हता. मी म्हटलं, पडला असेल खाली."

मग फार हळू म्हणाले, "तो सांगत असतो."

त्या वाक्याचा पुढचा भाग ते बोलले नाहीत. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काकांनी पाईप धुतला, परत जोडला, हात पुसले. स्वतःचा टॅग काढून खिशात ठेवला. मग हात दुसऱ्या टॅगकडे गेला, सुतळीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. बाहेर बोलायचं मराठी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गळून पडलं. माझ्याकडे न बघता ते अहिराणीत मशीनला म्हणाले,

"आते जीप कोठे धाडू?"

मी वर येऊन त्यांच्या मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नवीन मशीन परत पाठवते. बाबांना म्हणावं, राहू दे तसंच."

मशीन तिथेच आहे. पाईप स्वच्छ, बटण बंद, टॅग जागेवर. काकांचे कपडे आता रविवारी आमच्या मशीनला येतात. हे कबूल करून घ्यायला मला त्यांच्याशी चांगलंच भांडावं लागलं. मी मशीन लावण्याआधी त्यांच्या शर्टाचा खिसा बघते. वेस्टचा बोळा असतोच. दर रविवारी असतो. दुसऱ्यांना खिसे तपासायला सांगणारा हा माणूस तो विसरतो की मुद्दाम ठेवतो, ते मी विचारलेलं नाही. मी तो काढून आमच्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवते. कपडे न्यायला काका येतात, आधी गॅलरीत जाऊन कठड्याकडे बघतात, आणि बोळा उचलून खिशात घालतात.