तारेचे वेढे की कथलाचा टाका

नलूताईंना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली होती आणि कानाला यंत्र लावायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा त्यांचे यजमान रमाकांत यांनी एक सर्किट करायला घेतलं. बेल दाबली की स्वयंपाकघरात लाल दिवा लागेल, एवढीच योजना. ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. तिथल्या सवयीने त्यांनी वायर रॅपिंग केलं, म्हणजे उभ्या पिनांना बारीक तारेचे घट्ट वेढे दिले. आच नाही, धूर नाही. बेलला जोडल्यावर दिवा लागलाही. पण पिना एवढ्या लांब, की डबीचं झाकण बसेना.

मुलगा पुष्कर टपूनच होता. "बाबा, मी आधीच बोललो होतो, सोल्डरिंग करा. कथील वितळवायचं, टाका मारायचा, विषय कट. तारा काय गुंडाळताय?"

"आख्खं एक्स्चेंज या वेढ्यांवर चालायचं रे."

"म्हणूनच फोन लागायचे नाहीत."

रमाकांतांनी डबी पुन्हा दाबून पाहिली. झाकण खरंच बसत नव्हतं.

पुष्करने हॉलमध्ये नवीन बोर्ड मांडला. नायगावच्या त्यांच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर वारा फार. सोल्डरिंगचं आयर्न गार पडेल म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. टाका पक्का बसावा म्हणून रमाकांतांनी सोल्डरची पेस्ट बोटभर चोपडली. आयर्न टेकताच दाट पांढरा धूर सरळ वर गेला. छताला धूर ओळखणारं यंत्र होतं. चाळ पाडून टॉवर झाल्यापासून ते कधी काही बोललं नव्हतं. आज बोललं.

सगळ्या मजल्यांवर भोंगे सुरू झाले, लिफ्ट बंद पडल्या. कुणी देवघरातला बाळकृष्ण घेऊन, कुणी टीव्हीचा रिमोट घेऊन जिन्याने पळत सुटलं. पुष्करने आयर्नची पिन उपटली. "बाबा, चला, गर्दीत मिसळू. कुणाच्या घरात झालं ते कळायला नको."

खाली आल्यावर रमाकांतांनी इकडेतिकडे पाहिलं. "आई कुठाय?"

"तुम्ही हाक मारली ना तिला?"

"मला वाटलं, तू मारलीस."

दोघे धावत जिना चढू लागले. रमाकांत दर मजल्यावर कठडा धरून थांबत होते. नवव्या मजल्यावर पोचले तर त्यांच्या बंद दारापुढे सोसायटीचे सेक्रेटरी गंगाधर सामंत आग विझवायचा सिलिंडर काखेत धरून उभे. भोंगा कान फाडत होता आणि सामंत बेल दाबत होते.

"या गोंधळात बेल कुणाला ऐकू येणार, काका?" पुष्कर ओरडला.

तेवढ्यात दार उघडलं. नलूताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. "या ना, भावजी. किती वेळा दाबताय? दिवा लागला तेव्हाच निघाले मी."

"वहिनी, आग कुठे लागलीय?" सामंत त्यांच्या कानाशी ओरडले.

"आग? गॅस तर मघाशीच बंद केला." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, त्या डबीचं झाकण बसत नव्हतं ना? मी तुमचं ते तारांचं फरसाणाच्या डब्यात ठेवलंय. छान मावलं. आता नवीन काही करू नका."

सामंतांचं डोकं तापलं होतं. "रमाकांतराव, आख्खी बिल्डिंग खाली उभी आहे! हे काय चाललंय?"

रमाकांतांना धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता. त्यांनी स्वयंपाकघर दिसेल असं दार सताड उघडलं.

"सामंत," ते म्हणाले, "परत एकदा दाबा बघू."

सामंतांनी दाबली.