वाघमारे सरांचं पोहणं

पाठीला डबा बांधून, टँकचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, जे गृहस्थ पोहायला शिकवणाऱ्या कोचलाच पोहणं म्हणजे काय ते समजावत असतील, ते आमचे शेजारी वाघमारे सर.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांचा लाडका प्राणी अ‍ॅम्फिऑक्सस. समुद्राच्या वाळूत राहणारा, बोटाएवढा, पारदर्शक. मासा म्हणावा तर हाडं नाहीत आणि डोकं शोधावं लागतं. पाठीचा कणा मिरवणाऱ्या आपल्या सगळ्यांचे पूर्वज साधारण असेच पोहत असणार, असं सर सांगत, तेही घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तशा आदराने.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत या प्राण्यापासून कोणाची सुटका नव्हती. एकदा पाण्याचा टँकर आला नाही म्हणून मीटिंगमध्ये बराच आवाज चढला. सर शांतपणे म्हणाले, "आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूच्या दारात येतो. अ‍ॅम्फिऑक्ससचा स्नायू स्वतः शेपटी लांबवून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि हुकूम घेतो. आपण मात्र बसू. चहा सांगा." चेअरमन मुकाट्याने स्कूटर काढून टँकरवाल्याकडे गेले.

मी सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणजे दिवसभर खुर्चीत. पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. हे ऐकून सर म्हणाले, कोट्यवधी वर्षं खपून तयार झालेले स्नायू तुम्ही खुर्चीला भाड्याने दिलेत. मग जरा घुटमळून विचारलं, मीही आलो तर चालेल का? मी चाटच पडलो. हा माणूस पाण्याच्या भीतीने न्हाणीघरातसुद्धा डोक्यावरून तांब्या घेताना नळ धरून ठेवतो, असं त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या.

सरांच्या येण्याचं कारण काकूच होत्या. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, पण डावा पाय ऐकेना. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. पाण्यात चालायचा व्यायाम केला नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आधी तुम्ही पोहून दाखवा, मग बघू," असं काकूंनी सरांना सांगून टाकलं. सर जन्मात पाण्यात उतरणार नाहीत याची त्यांना खात्री होती.

तेव्हा सर उतरले, पण कठडा काही सुटेना. कोच रोज हात सोडायला सांगे आणि सर रोज अ‍ॅम्फिऑक्ससचं तत्त्व सांगत. डावीकडचे स्नायू आकसले की उजवीकडचे सैल, मग उलट, आणि लाट शेपटीकडे. "आपल्याला शेपटी नाही सर," कोच म्हणाला. "पाय मारा."

आम्ही सगळे त्यांच्यावर हसायचो. अर्धा उन्हाळा असाच गेला. मग एका सकाळी त्यांनी डोळे मिटून हात सोडले. तिरके, नाकातोंडात पाणी जात, मध्येच गोल फिरून, पण ते समोरच्या कठड्याला लागले. आता व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी धापा टाकत माझा मोबाइल मागितला. "पोहलो," एवढंच काकूंना म्हणाले. "आता तुझी पाळी."

रविवारच्या फॅमिली बॅचला काकू आल्या. चेहरा असा, की फसवून आणलंय. कमरेएवढ्या पाण्यात सरांनी त्यांचा हात धरला, आणि गरज पडली तर म्हणून मी मागे उभा राहिलो. पहिल्यांदा पाय नुसताच थरथरला. सरांनी हात आणखी घट्ट धरला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. मग पाय हळूच उचलला गेला, पुढे गेला आणि तळाला टेकला. पुन्हा उचलला. माझा जीव भांड्यात पडला. पलीकडे कोच उगाचच शिट्टी वाजवत होता.

काकू हसत होत्या. "हात सोडा आता," त्या म्हणाल्या. "उभी राहतेय मी."

"तू राहशील," सर म्हणाले. "मला भीती वाटते. झटका आला त्या दिवसापासून घरातसुद्धा वाटते."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मग धरा," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पाऊल टाकलं.