कॉम्प्युटरचा अंगरखा

"मशीन म्हणजे मशीन," मास्तर म्हणाले. "ज्याने आयुष्यभर शिलाई मशीन सांभाळलं, त्याने एका कॉम्प्युटरला घाबरायचं? मी आहे ना!"

मास्तर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. उघडी वस्तू त्यांच्या डोळ्यांना सहनच होत नसे. घरातला मिक्सर, टीव्हीचा रिमोट, पाण्याचा पिंप, सगळ्यांच्या अंगावर मापाचे कपडे होते. एक पाहुणे सोफ्यावर जरा जास्त वेळ बसले, तर मास्तर त्यांच्याकडेही माप घेतल्यासारखे बघायला लागले, असं मास्तरीणबाई अजून सांगतात.

लेक पंधरा वर्षांची. बापाशी बोलणं "हं", "नाही" आणि "जेवले मी" एवढ्यावर आलेलं. म्हणून तिने आपणहून समोर बसून सगळं सांगितलं, तेव्हाच मास्तर विरघळले होते. पाच मुलींची एक टीम होती. त्या आपापल्या घरून कॉम्प्युटरवर एकत्र खेळत. त्यांनी हिला रविवारच्या सामन्यापुरतं घेतलं होतं. नीट खेळली तर कायमची टीममध्ये, मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर रामराम.

कॉम्प्युटर आला. एका बाजूला काच, आत निळेजांभळे दिवे, गरगर फिरणारे पंखे. मास्तरांना सगळं पसंत पडलं. खटकली एकच गोष्ट.

"एवढी देखणी वस्तू आणि डोक्यावर चाळणी? धूळ जाईल की."

"बाबा, ती भोकं हवेसाठी..." लेक म्हणेपर्यंत गळ्यातली टेप पेटीभोवती फिरलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर कव्हर घेऊनच घरी आले. काळं रेक्झिन, आतून जाड फोम, कडेने लाल पायपिंग. काचेपुरती खिडकी, वायरींपुरती फट, मागे चेन. "चालू असतानाही काढायला नको," मास्तर अभिमानाने म्हणाले. वर लाल दोऱ्याने लेकीचं लाडाचं नाव भरलं होतं. ती त्या नावावरून बोट फिरवत राहिली.

"खूप छान शिवलंय, बाबा," ती म्हणाली. एवढं लांब वाक्य ती त्यांच्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मास्तर त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

आणि त्याच संध्याकाळपासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला. खेळ ऐन रंगात आला की फट्‌कन अंधार.

मास्तरांनी कंबर कसली. आधी प्लग बदलला. मग बोर्ड बदलला. मग "हाच सगळी वीज खातो" म्हणून फ्रिज बंद केला, आणि मास्तरीणबाईंनी नासलेलं दूध त्यांच्यासमोर आणून ठेवलं. शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या कारागिराला बोलावणं गेलं. मास्तर कामावर होते, पण त्यांनी फोनवरून बजावलं, "तो हात लावायच्या आधी कव्हर काढून घडी घालून ठेवा. त्याच्या हाताचे डाग पडतील."

कारागिराने दुपारभर कॉम्प्युटर चालवला. एकदाही बंद पडला नाही. "काहीच झालेलं नाही याला," असं म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी मास्तर घरी आले, हातपाय धुऊन लेकीच्या मागे उभे राहिले, आणि फट्‌कन अंधार.

पुढेही तेच. मास्तर दुकानात असले की कॉम्प्युटर खणखणीत. मास्तर घरात आले की थोड्याच वेळात त्याचे डोळे मिटणार.

"एक सांगू का? रागावू नका," मास्तरीणबाई शनिवारी म्हणाल्या. "हा तुमचा पायगुण आहे."

"माझा? माझ्याच घरात?"

"आई, तसं काही नाहीये," लेक घाईघाईने म्हणाली.

"मग कसं आहे?"

लेक पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत राहिली. मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पोर टीममधून जाणार, आणि तीही आपल्यापायी!

रविवारी संध्याकाळी सामन्याआधी त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.

"बाबा, थांबा ना घरात."

"तू खेळ. मी बाहेर आहे," म्हणून ते जिन्यात जाऊन बसले.

वर चढणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "किल्ली हरवली का?"

"नाही. मी घरात असलो की कॉम्प्युटर बंद पडतो."

शेजारी उरलेला जिना जरा भरभर चढला.

आतून लेकीचा आवाज येत होता. ती हुकूम सोडत होती, हसत होती. आपली पोर असं हसते हेच मास्तर विसरले होते. त्यांना राहवेना. ते चवड्यांवर उठले आणि खिडकीच्या फटीतून आत डोकावले.

कॉम्प्युटर उघडा होता. पंखे मजेत फिरत होते. कव्हर पलंगावर उशीशेजारी घडी घालून ठेवलं होतं, नाव वरच्या बाजूला.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उन्हाळ्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की ते स्वतःच सांगत, "फोम आहे साहेब, गरम राहणारच." पोरीला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. ते घरात नसले की ती कव्हर काढायची आणि त्यांची चाहूल लागली की घालायची. बापाचं मन मोडू नये म्हणून ती टीमवर पाणी सोडायला निघाली होती.

तेवढ्यात लेकीला ते दिसले. ती तीरासारखी उठली, हेडफोनची वायर उपटली गेली, आणि तिने कव्हर कॉम्प्युटरच्या डोक्यावरून घातलं.

"काढ ते!" मास्तर धावत आत आले. "काढ आधी! तू खेळ!"

ते वर ओढतायत, ती खाली ओढतेय, चेन वायरीत अडकलेली. पडद्यावर तिचा शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा होता. शत्रूने सावकाश येऊन त्याला गारद केलं. सामना गेला.

वायर उपटल्यामुळे टीमचा आवाज आता खोलीभर ऐकू येत होता.

"काय झालं गं? कॉम्प्युटर बंद पडला का?" कॅप्टन विचारत होती.

लेकीने मास्तरांकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "बाबा आले."



"अरेरे," कॅप्टन म्हणाली. "मग तुझा काय दोष? माझे तर मध्येच येऊन 'पॉज कर' म्हणतात."

"माझे मागे उभे राहून सल्ले देतात," दुसरी म्हणाली.

"बरं, तू टीममध्ये आहेस. पुढच्या रविवारी ये. फक्त बाबांचं काहीतरी बघ."

"बघते," लेक म्हणाली आणि खळखळून हसली.

मास्तर कव्हर छातीशी धरून उभे होते. "मी जिन्यात जाऊन बसू का?" त्यांनी हळूच विचारलं.

लेकीने दुसरी खुर्ची ओढली. "इथेच बसा, बाबा. फक्त हात मांडीवर ठेवा."